शब्दाशेजारचें दुकान

गेल्या पावसाळ्यांत आमच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांचीं मूत्रपिंडें मधुमेहानें जवळजवळ निकामी झालीं, आणि डॉक्टरांनीं डायलिसिसची भाषा सुरू केली. त्या रात्रीं बहिणीस झोप लागली नाहीं. ज्या गोष्टीचें नांवहि चार दिवसांपूर्वीं तिनें नीट ऐकलें नव्हतें, तिच्याविषयीं मिळेल तेवढें वाचावें म्हणून ती फोन घेऊन बसली. एका वैद्यकीय संकेतस्थळावर तिला एक चांगला, संयमानें लिहिलेला मराठी लेख सांपडला. त्या लेखाच्या मधोमध, गेलेली शक्ति परत येत नाहीं परंतु राहिलेली सांभाळतां येते अशा आशयाच्या परिच्छेदाच्या अगदीं खालीं, एक चौकट होती. तींत प्रसन्न मुद्रेचे एक वृद्ध गृहस्थ काढ्याची बाटली हातीं घेऊन उभे होते, आणि चाळीस दिवसांत मधुमेह समूळ जाऊन डायलिसिस टळेल असें आश्वासन देत होते. सकाळीं तिनें तें पान आम्हांस दाखविलें. "दादा, आमच्या घरीं हें झालंय हें त्यांना कोणीं सांगितलं?" एवढेंच तिनें विचारलें.

आम्हीं प्राध्यापकी थाटानें उत्तर दिलें कीं, तुमच्याविषयीं त्यांना कांहीं ठाऊक असण्याची गरजच नाहीं. त्यांना पान ठाऊक आहे. यंत्रानें तूं वाचीत होतीस त्या लेखाचे शब्द ओळखले आणि त्यांस जुळेल असें दुकान शेजारीं मांडलें. उत्तर बहुतांशीं खरें होतें. तिचें समाधान मात्र झालें नाहीं, आणि पुढें विचार करितां करितां आमचेंहि राहिलें नाहीं. पानास ओळखणें आणि माणसास ओळखणें ह्या दोन गोष्टी खरोखर किती निराळ्या आहेत? हा प्रश्न प्रथमदर्शनीं दिसतो त्याहून बराच अवघड आहे, आणि तोच येथें वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

मजकुराचा आणि जाहिरातीचा शेजार तसा फार जुना. लंडनच्या 'टाइम्स' पत्राचें पहिलें पान १९६६ सालापर्यंत छोट्या जाहिरातींनींच भरलेलें असे, आणि आमच्याकडील जुन्या मासिकांच्या फायली चाळणारास शेवटचीं पानें पौष्टिक पाकांनीं आणि केशतेलांनीं सजलेलीं आढळतात. परंतु तो शेजार योगायोगाचा असे. ज्ञानेश्वरीवरील लेख कोणत्या पानावर संपेल हें केशतेलाच्या कारखानदारास ठाऊक नसे, आणि त्याची त्याला पर्वाहि नसे. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं 'हॉटवायर्ड' ह्या अमेरिकन संकेतस्थळावर पहिल्या जाहिरातपट्ट्या झळकल्या, तेव्हांहि स्थिति फारशी वेगळी नव्हती. पुढें कांहीं चतुर लोकांच्या लक्षांत आलें कीं, मजकूर वाचण्याचें काम यंत्रास शिकवितां आलें, तर प्रत्येक लेखाशेजारीं त्याच विषयाचें दुकान मांडतां येईल. दमेकऱ्याच्या लेखाजवळ दम्याचें औषध, काश्मीरच्या वर्णनाजवळ काश्मीरची सहल. ह्यासच संदर्भानुसारी जाहिरात म्हणतात.

ह्या विद्येचें मूळ तत्त्व आमच्या वाचकांस परकें वाटूं नये. जेवावयास बसलेल्या मनुष्यानें 'सैंधव आण' म्हटलें तर मीठ आणावें, आणि प्रवासास निघालेल्यानें तेच शब्द उच्चारले तर सिंधुदेशाचा घोडा आणावा, हें उदाहरण संस्कृत साहित्यशास्त्र ज्यानें थोडें चाळलें आहे त्यास पाठ असतें. एका शब्दाचे अनेक अर्थ संभवत असतां नेमका कोणता घ्यावा हें ठरविणाऱ्या गोष्टींची एक यादीच भर्तृहरीनें 'वाक्यपदीया'त दिली आहे. साहचर्य, विरोध, प्रकरण, दुसऱ्या शब्दाचें सान्निध्य, देश, काल अशा अनेक गोष्टी तींत येतात. यंत्र हेंच करितें. त्याचा एक दूत संकेतस्थळावर येऊन पान वाचून जातो. 'आणि', 'आहे', 'परंतु' असले सर्वत्र विखुरलेले शब्द तो बाजूस सारतो आणि ह्या पानावर पुन्हां पुन्हां येणारे, पण इतर पानांवर क्वचित् आढळणारे शब्द वेंचून घेतो. जो शब्द थोड्या लेखांत आढळतो तो त्या लेखांची ओळख पटविण्यास अधिक उपयोगी, हा साधा परंतु फार फलदायी विचार कॅरन स्पार्क जोन्स ह्या ब्रिटिश विदुषीनें १९७२ सालीं मांडला. तिच्या डोळ्यांपुढें ग्रंथसंग्रहांतून हवा तो लेख शोधून काढण्याचें शास्त्र होतें. 'मूत्रपिंड' हा शब्द दहादां आला आणि जवळ 'साखर', 'रक्तदाब', 'पथ्य' हे सोबती दिसले, म्हणजे प्रकरण निश्चित झालें. हल्लींचीं यंत्रें शब्दांच्या मोजणीवर थांबत नाहींत. सबंध वाक्याचा आशय अंकांच्या रूपांत साठवून तीं एका आशयाचें दुसऱ्याशीं असलेलें अंतर मोजतात. कॅलिफोर्नियांतील 'अप्लाइड सिमँटिक्स' नांवाची शब्दार्थाच्या ह्याच उद्योगांतली एक कंपनी गूगलनें २००३ सालीं विकत घेतली, आणि त्याच वर्षीं 'ॲडसेन्स' ही तिची योजना जगभरच्या लहानमोठ्या संकेतस्थळांस खुली झाली. पान उघडलें कीं, डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत त्या जागेचा लिलाव होतो. वाचकानें चौकटीवर टिचकी मारली कीं जाहिरातदाराच्या खात्यांतून पैसे वळते होतात. त्यांतले शंभरास अडुसष्ट भाग संकेतस्थळाच्या मालकास मिळतात असें गूगलनें २०१० सालीं जाहीर केलें होतें.

हिंदीचा ह्या योजनेंत प्रवेश २०१४ च्या अखेरीस झाला, आणि मराठीचा त्यानंतर कांहीं वर्षांनीं. आपल्या भाषेनें ह्या यंत्रास किती घाम फोडला असेल ह्याची कल्पना करून आम्हांस थोडी गंमत वाटते. कैकेयीनें मागितलेल्या दोन वरांवर कोणीं लेख लिहावा, आणि शेजारीं विवाहमंडळानें डॉक्टर व इंजिनियर वरांची यादी पुढें करावी, हें कांहीं अशक्य नव्हे.

येथपर्यंत हंसण्यासारखें. परंतु २००३ सालीं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर एका खुनाची बातमी आली. प्रेताचे तुकडे करून ते प्रवासाच्या पेटींत भरले होते. यंत्रानें बातमी वाचली, 'पेटी' हा शब्द उचलला, आणि शेजारीं प्रवासी पेट्यांची जाहिरात लावून दिली. ही गोष्ट ह्या धंद्यांतले लोक आजहि एकमेकांस सांगतात. सान्निध्य बरोबर होतें, प्रकरणहि एका परीनें बरोबर होतें. चुकली होती ती भर्तृहरीच्याच यादींतील आणखी एक गोष्ट, जिचा उल्लेख आम्हीं वर मुद्दाम राखून ठेविला : औचिती. अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें ह्या एका कल्पनेवर 'औचित्यविचारचर्चा' हा ग्रंथ रचिला आणि औचित्य हाच काव्याचा प्राण ठरविला. व्यवहारांतहि आपण ह्या गुणावर किती अवलंबून असतों! सुतकाच्या घरीं जाऊन कोणी विम्याची गोष्ट काढीत नाहीं. काढणारास दार दाखविलें जातें.

यंत्रवाल्यांनीं ह्यावर उपाय काढला तो निषिद्ध शब्दांच्या यादीचा. 'खून', 'अपघात', 'मृत्यु' असले शब्द ज्या पानावर असतील तेथें आमची जाहिरात नको, असें जाहिरातदार आधींच सांगून ठेवूं लागले. त्याचा परिणाम २०२० सालीं दिसला. करोनाची सांथ आली, लोक घरांत कोंडले गेले, वृत्तपत्रांचीं संकेतस्थळें पूर्वीं कधीं वाचलीं गेलीं नव्हतीं इतकीं वाचलीं जाऊं लागलीं. आणि नेमक्या त्याच वेळीं 'करोनाव्हायरस' हा शब्द असंख्य जाहिरातदारांच्या निषिद्ध यादींत जाऊन बसला. ज्या बातमीदारांचें काम त्या दिवसांत सर्वांत अधिक उपयोगाचें होतें, त्यांचीच पानें ओसाड राहिलीं. सोंवळें पाळावयाचें, पण कां तें समजून घ्यावयाचें नाहीं, अशापैकीं हा प्रकार.

तथापि संदर्भानुसारी जाहिरातीच्या बाजूनें जें सांगतां येतें तें थोडें नाहीं, आणि तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तिची सावत्र बहीण अधिक भयंकर आहे. ती पान वाचीत नाहीं, माणूस वाचते. 'कुकी' नांवाची खूण आपल्या यंत्रावर ठेवून ती आपल्या मागें पानोपानीं हिंडते. सोमवारीं आपण पायाच्या दुखण्याविषयीं वाचलें तर गुरुवारीं क्रिकेटच्या बातमीशेजारीं गुडघ्याचा पट्टा पुढें करिते. पंढरपुरास देवळाच्या वाटेवर तुळशीमाळांचीं आणि बुक्क्याचीं दुकानें असतात. त्यांबद्दल कोणा वारकऱ्याची तक्रार नसते. दुकानदार वारकऱ्यास ओळखीत नाहीं, वाटेस ओळखतो. तोच दुकानदार जर वारकऱ्यामागें त्याच्या गांवापर्यंत गेला, त्याच्या घरांत डोकावूं लागला, आणि तेथें दिसलें तें वहींत टिपूं लागला, तर त्यास आपण वेगळेंच नांव देऊं. युरोपियन संघाचा माहितीरक्षणाचा कायदा २०१८ च्या मे महिन्यांत अमलांत आला, तेव्हां 'न्यूयॉर्क टाइम्स'नें युरोपांतील वाचकांचा असा पाठलाग थांबवून स्थळ आणि मजकूर ह्यांवर जाहिराती बेतल्या, आणि तिचें जाहिरातींचें उत्पन्न घटलें नाहीं. नेदरलंड्सच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या जाहिरातखात्यानें २०२० सालीं कुकींस रजा दिली, आणि तिचा अनुभवहि वाईट आला नाहीं. म्हणजे पाठलागावांचून धंदा चालत नाहीं हें म्हणणें सर्वस्वीं खरें नव्हे. दोहोंपैकीं एक निवडावयाचें झालें, तर आम्ही तुळशीमाळवाल्याच्या बाजूचे आहों.

पण एवढ्यानें पान निर्दोष ठरतें काय? गूगलनें २००४ च्या एप्रिलांत 'जीमेल' ही टपालाची सोय काढली आणि तींत पत्रांच्या मजकुरास अनुसरून जाहिराती दाखविण्यास प्रारंभ केला. पद्धत हीच. यंत्रच वाचतें, कोणी मनुष्य वाचीत नाहीं, हेंहि खरें. तरी पुष्कळ लोक अस्वस्थ झाले, आणि अखेर २०१७ सालीं गूगलनें ती प्रथा बंद करण्याचें जाहीर केलें. आमच्या मतें ही अस्वस्थता विचार करण्याजोगी आहे. पत्र हेंहि एक पान. त्यांतले शब्द मोजणें आणि सहलीच्या लेखांतले शब्द मोजणें ह्यांत गणिताच्या दृष्टीनें तिळमात्र भेद नाहीं. भेद आहे तो तें पान कोणाचें आहे ह्यांत. मग पान सार्वजनिक असलें, पण त्याचें वाचन खासगी असलें तर? मध्यरात्रीं तीन वाजतां एकटीनें उघडलेला मूत्रपिंडावरील लेख हा छापील अर्थानें सर्वांचा असतो. त्या क्षणीं मात्र तो जवळजवळ तिचें स्वतःचें पत्र झालेला असतो.

गीतेंत ईश्वरास भजणारे चार प्रकारचे सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासु, अर्थार्थी आणि ज्ञानी. कोणत्याहि पानाचे वाचक बहुधा ह्याच चारांत मोडतात. काश्मीरवरील लेख वाचणारे बहुतेक जिज्ञासु. त्यांस हॉटेलाची जाहिरात दिसली तर त्यांचें कांहींच बिघडत नाहीं, कदाचित् सोयच होते. परंतु कांहीं पानें अशीं असतात कीं, त्यांकडे आर्तावांचून सहसा कोणी फिरकतच नाहीं. तेथें पान ओळखलें म्हणजे माणूस ओळखलाच. नांव आणि पत्ता तेवढा राहिला. आणि जाहिरातदारास नांवाशीं काय करावयाचें आहे? त्यास माणसाची अगतिकता हवी असते, ती पानानें परस्पर सांगून टाकलेली असते. 'आम्ही तुम्हांस ओळखीत नाहीं' हा जो ह्या पद्धतीचा अभिमानाचा दावा, तो ह्या पानांपुरता आम्हांस पोकळ वाटतो.

शब्दांचा लिलाव करावा ही कल्पना १९९८ सालीं अमेरिकेंत बिल ग्रॉस ह्या उद्योजकाच्या 'गोटू' ह्या शोधयंत्रानें रूढ केली. तेव्हांपासून प्रत्येक शब्दास बाजारभाव आला. 'कविता' हा शब्द जवळजवळ फुकट मिळतो. 'कर्ज', 'विमा', 'वकील' हे महाग. अमेरिकेंत जे शब्द वर्षानुवर्षें सर्वांत महाग ठरत आले त्यांत एक विलक्षण शब्द आहे : मेसोथेलिओमा. हा फुफ्फुसाच्या वेष्टणास होणारा कर्करोग. ॲस्बेस्टॉसची धूळ छातींत गेल्यानें तो मुख्यत्वें होतो, आणि धूळ गेल्यावर बहुधा कित्येक दशकांनीं डोकें वर काढतो. जहाजांच्या गोदींत किंवा इमारतींच्या कामावर राबलेल्या माणसास म्हातारपणीं हें निदान ऐकावें लागतें. ज्या कंपन्यांनीं त्यास त्या धुळींत राबविलें त्यांजकडून नुकसानभरपाई मोठी मिळते, तींत वकिलाचा वांटा असतो. म्हणून ह्या शब्दावरील एकेका टिचकीस वकिलांच्या कचेऱ्या कित्येकदां शंभर डॉलरांहूनहि अधिक मोजीत आल्या आहेत. वकील येथें खलपुरुष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्यावांचून त्या म्हाताऱ्यास कवडीहि मिळाली नसती. परंतु ह्या भावाची वार्ता पसरतांच त्या रोगाविषयीं ज्यांस काडीचें ज्ञान नाहीं अशा लोकांनीं त्यावर पानेंच्या पानें लिहून काढलीं. त्यांस रोग्याशीं कर्तव्य नव्हतें. चौकटीस जागा हवी होती. जाहिरात मजकुराच्या शेजारीं येऊन बसते असें आपण समजत होतों. येथें मजकूर जाहिरातीसाठीं जन्मास आला. लेखणी धरणाऱ्या आम्हां मंडळींस ह्या गोष्टीचें भय इतरांहून अधिक वाटावें हें साहजिक आहे.

कोणी म्हणेल, मग जाहिरातीच नकोत. महात्मा गांधींनीं 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' ह्या आपल्या पत्रांत जाहिराती घेतल्या नाहींत, आणि तीं वर्गणीच्या बळावर चालविलीं. हा मार्ग आहे. परंतु गांधीजींच्या पत्रास जसे वाचक लाभले तसे प्रत्येकास लाभत नाहींत, आणि तो मूत्रपिंडाचा लेख आमच्या बहिणीस फुकट वाचावयास मिळाला तो जाहिरातींमुळेंच. हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. कायदाहि आपल्याकडे आहे. मधुमेह, कर्करोग इत्यादि रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींस १९५४ च्या अधिनियमानें बंदी केलेली आहे. त्या काढेवाल्याच्या दारीं पोलीस जावयास पाहिजे होता. तो गेला नाहीं हा निराळा विषय, आणि त्यावर लिहावयाचें तर संपादकांस वेगळा अंक काढावा लागेल.

आमचें म्हणणें याहून लहान आहे. जुन्या मासिकाच्या शेवटच्या पानावर धातुपौष्टिकाची फसवी जाहिरात येई, तेव्हां तिच्यावरून कोणाची तरी दृष्टि फिरलेली असे. जुळाऱ्यानें ती जुळविलेली असे, संपादकानें ती पाहिलेली असे. आणि पैशाच्या अडचणींत त्यानें डोळेझांक केली, तर डोळे झांकण्याचें कर्म तरी त्याचें असे. त्यास कोणी जाब विचारूं शके, तो लाजूं शके. आमच्या बहिणीच्या हातांतल्या पानावर मात्र लेख आणि काढा हे दोन शेजारीं कोणींच ठेविले नव्हते. लेखकानें सत्य लिहिलें. यंत्रानें शब्द जुळविले. लिलाव चोख झाला. त्या दोहोंस एकत्र पाहणारी पहिली व्यक्ति म्हणजे आमची बहीणच, रात्रीं तीन वाजतां. पाप झालें, आणि त्यांत खोटें बोलणारा काढेवाला सोडला तर पापी कोणी सांपडत नाहीं, अशी ही रचना आहे. आणि काढेवालासुद्धां त्या जागेपर्यंत स्वतःच्या पायांनीं चालत आलेला नव्हता.

म्हणून जबाबदारीचा धागा कोठें तरी पुन्हां बांधावयाचा झाला, तर तो पानाच्या मालकाच्या हातीं बांधावा असें आम्हांस वाटतें. यंत्रास औचिती शिकवितां येईल कीं नाहीं, हा वाद शास्त्रज्ञांनीं घालावा. पण ह्या योजनेंत कोणत्या वर्गाच्या जाहिराती आपल्या स्थळावर नकोत हें सांगण्याची सोय मालकास दिलेली असते. थोडें उत्पन्न कमी होतें, इतकेंच. ज्या पानावर आर्तच येणार हें लेखकास ठाऊक आहे, तेथें चौकट मोकळी ठेवणें किंवा तींतील वस्तु निवडून घेणें हें डॉक्टरानें आपल्या दवाखान्याच्या ओट्यावर गंडेदोरे विकणारास बसूं न देण्यासारखें आहे. ओटा त्याचा आहे.

आमच्या बहिणीनें त्या काढ्याच्या दोन बाटल्या मागविल्या होत्या हें आम्हांस मागाहून कळलें. यजमानांनीं त्या उघडूं दिल्या नाहींत. आतां ते आठवड्यांतून दोनदां डायलिसिसला जातात. आम्हीं त्या संकेतस्थळाच्या संपादकांस सविस्तर पत्र लिहिलें. त्यांचें उत्तर आठ दिवसांत आलें, आणि तें सभ्य होतें. त्यांनीं लिहिलें होतें कीं, आपण म्हणतां ती जाहिरात आम्हीं शोधली, परंतु आम्हांस ती दिसत नाहीं. आमच्या पडद्यावर त्या जागीं मोटारीच्या विम्याची जाहिरात येते.